असे समजते

९ फेब्रुवारी २०१८. एक्केचाळीस माणसे.

त्या शुक्रवारी निघालेल्या एका चार पानी साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर एवढाच मथळा होता. त्याखाली एक्केचाळीस नावे होती आणि प्रत्येक नावापुढे वय, कारखान्यात काढलेली वर्षे आणि कामाची खोली: दळण, चाळण किंवा भरण. ही सगळी माणसे गावाबाहेरच्या एकाच कारखान्यात कामाला होती. तिथे गारगोटीचे दगड दळून पिठाहूनही बारीक भुकटी करीत आणि ती काचेच्या व भांडी घासायच्या पावडरीच्या कारखान्यांना पाठवीत. एक्केचाळिसांपैकी एकानेही पन्नाशी पाहिली नव्हती. सर्वांच्या मृत्यूच्या कागदावर कारण म्हणून 'क्षय' हा एकच शब्द होता. तो क्षय नव्हता, श्वासावाटे आत गेलेल्या भुकटीने फुप्फुसे दगडासारखी घट्ट होत जाण्याचा आजार होता, असे त्या अंकाने चारही पाने खर्चून मांडले होते.

अंकाच्या सहाशे प्रती निघाल्या. संपादकाने त्यातल्या सोळा प्रती सोळा दैनिकांना टपालाने पाठवल्या. पंधरांकडून काहीही आले नाही. सोळाव्याने जाहिरातींचे दरपत्रक पाठवले. गावातल्या वाचकांची तक्रार निराळी होती. या अंकात शब्दकोडे नव्हते. चौकातला किराणा दुकानदार तर संपादकाला रस्त्यात अडवून म्हणाला, "अहो, गेलेल्यांची नावं छापलीत ते ठीकच झालं, पण परीक्षेचं वेळापत्रक कुठंय? आमची पोरं अजून जिवंत आहेत ना!"

हा संपादक गावात 'चारपानी' या नावाने ओळखला जाई. नाव कुचेष्टेने पडले होते; पुढे ते इतके रुळले की पोस्टमनही त्याच नावाने हाक मारी. त्याचे वडील छापखान्यात मुद्रितशोधक होते. बोललेली चूक हवेत विरते, छापलेली चूक घरोघर जाऊन बसते, हे वडिलांचे सांगणे त्याने लहानपणीच मनावर घेतले होते. आठ वर्षे त्याने एका दैनिकात नोकरी केली. एका मोठ्या जाहिरातीपायी त्याची एक बातमी गाळली गेली, तेव्हा तो नोकरी सोडून आला आणि भाड्याच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत त्याने साप्ताहिक सुरू केले. खोलीत दोन टेबले, एक लोखंडी कपाट आणि मागच्या अंकांचे गठ्ठे. गुरुवारी छपाई, शुक्रवारी वाटप. बायको मुलींच्या शाळेत गणित शिकवी आणि घर तिच्याच नोकरीवर चाले. पाहुण्यांना ती सांगे, "आमच्या घरात दोन पगार येतात. एक माझा आणि एक नैतिक. नैतिक पगारात दूधवाला ऐकत नाही, एवढंच."

साप्ताहिकाची एक खूण गावाला पाठ होती. चौथ्या पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, जाड रेघांच्या चौकटीत 'शुद्धिपत्र' असे. मागच्या अंकात राहिलेल्या चुकांची तिथे कबुली दिली जाई. फोटोखालची नावे उलटसुलट झाली होती, पाण्याच्या टाकीची क्षमता पाच हजार नसून साडेचार हजार लिटर आहे, सेवानिवृत्त झालेले गृहस्थ कारकून नसून मुख्य कारकून होते. गावातले टवाळ म्हणत, चारपानीत बातम्या थोड्या आणि माफ्या फार. चारपानीला ही थट्टा आवडे. आपल्या धंद्याची नीती त्या चौकटीत राहते, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती, आणि ती पुष्कळ अंशी खरीही होती.

या चौकटीत जे कधीच आले नाही, त्याची ही हकिकत आहे.

१६ नोव्हेंबर २००६ रोजी, गुरुवारी दुपारी, तिसऱ्या पानावर नऊ ओळींची जागा रिकामी राहिली. शेजारच्या गल्लीतला छापखानेवाला दोनदा निरोप पाठवून चुकला होता. अशा वेळी दवाखान्यातल्या डॉक्टरचा फोन आला. हा डॉक्टर सकाळी सरकारी दवाखान्यात बसे आणि दुपारी कारखान्याच्या कामगारांना तपासे. तो म्हणाला, "कारखान्याच्या वस्तीत तीन महिन्यांत सात माणसं गेली. क्षय दिसतोय. लोकांनी काळजी घ्यावी, एवढं छापा." चारपानीने ते लिहून काढले. साडेपाच ओळी झाल्या. उरलेली जागा त्याने स्वतःच्या वाक्याने भरली: 'या वस्तीतील अस्वच्छता व मद्याचे व्यसन यांमुळे रोगाचा फैलाव झाला असल्याचे समजते.'

व्यसनाबद्दल डॉक्टर अवाक्षर बोलला नव्हता. वस्ती चारपानीने पाहिलेली नव्हती. परंतु वाक्य लिहिताना त्याचा हात अडखळला नाही, कारण 'समजते' हे क्रियापद मराठी बातमीदाराच्या हाताला कधी अडखळू देत नाही. आपल्या भाषेत समजणाऱ्याला चतुर्थी लागते: मला समजते, तिला समजते, शेजाऱ्यांना समजते. बातमीत आपण ते चतुर्थीतले माणूस तेवढे उचलून बाहेर ठेवतो. वाक्य तरीही उभे राहते, व्याकरणाला खोट येत नाही, आणि कोणाला समजले, कोणाकडून समजले, खरोखर समजले की नाही, हे विचारण्याची सोय उरत नाही. धंद्यात हे क्रियापद पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले आहे. ते खोटे बोलत नाही. कोणीतरी खरे बोलले असेल, एवढेच सुचवते.

दोन महिन्यांनी, जानेवारीत, एक बाई ते कात्रण घेऊन पुढच्या खोलीत आली. ती कारखान्याच्या पडवीत बसून भरलेल्या पोत्यांची तोंडे दाभणाने शिवत असे. तिचा नवरा आतल्या भरणाच्या खोलीत होता. बातमीतल्या सातांपैकी तो तिसरा.

"पेपर तुम्हीच काढता ना?"

"हो. बसा, ताई."

"बसायला नाही आले. हे वाचा. मोठ्यानं वाचा."

कात्रणाच्या चारही कोपऱ्यांना टाचणीची भोके होती. चारपानीने वाचले. शेवटच्या वाक्यावर तिने हात वर केला.

"थांबा. हे समजते म्हणजे? कुणाला समजलं?"

"तशी आमच्यात लिहायची पद्धत असते."

"पद्धत राहू द्या. कुणाला समजलं ते सांगा. मला नाही समजलं. चौदा वर्षं संसार केला मी. माणसानं थेंबाला हात लावला नाही. चहासुद्धा अर्धा कप, उरलेला माझ्यापुढे सारायचे. आणि अस्वच्छता म्हणता, तर कामावरून आले की दारातच अंघोळ. घरात पांढरं पाऊल उमटू दिलं नाही कधी. तुम्ही आला होतात का बघायला?"

"नाही."

"मग?"

ती मग आपण होऊनच बोलत राहिली. नवऱ्याची थुंकी तीनदा तपासली, तीनदा काही निघाले नाही, तरी दीड वर्ष क्षयाच्याच गोळ्या चालू होत्या. "आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला. शेवटी शेवटी तर दाराच्या चौकटीला धरून उभे राहायचे. आडवं झालं की श्वास पुरत नव्हता."

"हे कात्रण कुठं मिळालं तुम्हाला?"

"शाळेच्या भिंतीवर. 'स्वच्छतेचे महत्त्व' असं वर लिहून खाली हे लावलेलं. माझी पोरगी तिथं आठवीत आहे. वर्गातल्या पोरींनी विचारलं तिला, तुझे बाबा दारूनं गेले का गं? पोरगी घरी येऊन मलाच विचारते, आई, घ्यायचे का ते? म्हणजे बघा. बापाला रोज बघितलेल्या पोरीला पेपर खरा वाटला." तिने कात्रणाच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "मी काढून आणलं ते. टाचण्या शाळेच्या होत्या, त्या बाईंना परत दिल्या. तुम्ही दुरुस्ती छापता म्हणे, कोपऱ्यात. तेवढी छापा."

"छापतो. पण नीट चौकशी करून छापतो. क्षय नव्हताच असं आधी सिद्ध तर होऊ द्या."

"क्षयाचं मला कळत नाही. ते व्यसन नव्हतं, हे सिद्ध करायला किती दिवस लागतात?"

त्याने तिला आठ दिवसांचा शब्द दिला.

आठ दिवसांत तो डॉक्टरला भेटला. डॉक्टर भित्रा होता, दुष्ट नव्हता. दार लावून घेऊन त्याने दवाखान्याचे रजिस्टर काढले आणि बोट ठेवून सात नोंदी दाखवल्या. थुंकीच्या रकान्यात सातही ठिकाणी 'निरंक' लिहिले होते.

"मग क्षय का लिहिलंत?"

"क्षय लिहिलं की औषध मिळतं आणि कोणी प्रश्न विचारत नाही. धूळ लिहिली की उद्यापासून दुपारची नोकरी बंद. पण ते व्यसनाचं मी नाही बोललो हं. ते तुमचं."

"ही पानं मला उतरवून द्याल?"

"आपण होऊन कसा देऊ? तुम्ही असं करा. तुमची दुरुस्ती छापा. आमची बातमी चुकली, दवाखान्याने खुलासा करावा, असं लिहा. मग वरून मला विचारणा होईल आणि मी रजिस्टर पुढे ठेवीन. आधी तुम्ही, मग मी."

चारपानी घरी परतला तो निराळ्याच माणसासारखा. आपल्या हाती काय लागले आहे हे त्याला कळले होते. आणि नेमक्या त्याच क्षणी त्याने एक हिशेब केला, जो त्या वेळी त्याला विवेकाचा वाटला. कोपऱ्यातल्या चौकटीत चार ओळी छापल्या तर कारखाना सावध होईल, कामगार बोलायचे थांबतील, विषय तिथेच मिटेल. त्यापेक्षा सगळे गोळा करावे आणि एकदाच, पुराव्यासकट, मोठे मांडावे. छोटी दुरुस्ती त्याने मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवली. आठ दिवसांचे महिने झाले आणि महिन्यांची अकरा वर्षे झाली.

त्या अकरा वर्षांतल्या कामाला नावे ठेवता येणार नाहीत. तो पायी वस्तीत जाई. दळणाच्या खोलीत गिरणीचा आवाज इतका असे की माणसे खुणांनी बोलत. चाळणाच्या खोलीत दुपारी बारालाही दिवा लागे. भरणाच्या खोलीत पोत्याच्या तोंडाशी वाकलेला माणूस दोन हातांवरून दिसत नसे. हे सर्व त्याने सुटी झालेल्या कामगारांकडून खोल्यांचे नकाशे काढून घेऊन लिहिले. शहरातल्या एका छातीच्या डॉक्टरकडे त्याने स्वतः सोबत जाऊन चौतीस जणांच्या छातीची क्ष-किरण चित्रे काढवली. त्यातले काही जण जिन्याचे अर्धे अंतर चढून पायरीवरच बसत आणि म्हणत, "चारपानी, तुमचा डॉक्टर तळमजल्यावर नाही का हो मिळत?" चित्र काढून परत गेलेली माणसे एकेक करून यादीत गेली.

यादीचा मोठा भाग शिवणारीनेच दिला. पडवीतून आतबाहेर करणारा प्रत्येक माणूस तिच्या डोळ्यांखालून जाई. कोण यायचा थांबला, हे तिला सगळ्यांआधी कळे. ती दर दोन-तीन महिन्यांनी येई, नाव सांगे, खोली सांगे, वर्षे सांगे. जाताना एकदा तरी विचारी, "भाऊ, ते आपलं कोपऱ्यातलं?" तो म्हणे, "सगळं एकदम येणार आहे, ताई." पुढे पुढे तिने विचारणे सोडले. नावे देणे मात्र सोडले नाही. कोणीतरी तिला टोकले, की त्यानेच तुझ्या नवऱ्याला दारुड्या ठरवला आणि तू त्याच्याच पेपरला माहिती पुरवतेस. ती म्हणाली, "यादी काय त्याच्या घरची आहे? आमची आहे. तो लिहिणारा फक्त."

२०१३ साली दवाखान्यातला डॉक्टर वारला. पुढे, नोंदींना नियमाप्रमाणे दहा वर्षे झाल्यावर, दवाखान्याची जुनी रजिस्टरे रद्द करण्यात आली. चारपानीला हे तीन महिन्यांनी कळले. पहिल्या सातांची ना चित्रे होती ना कागद. त्यांच्यासाठी आता त्याच्याजवळ केवळ एक आठवण होती: एका बंद खोलीत पाहिलेला रकाना.

विशेष अंकाची पाने लागली तेव्हा बायकोने ती उत्तरपत्रिका तपासाव्यात तशी तपासली. शेवटच्या पानावर ती थांबली.

"चौकट कुठंय?"

"या वेळी जागा नाही."

"अहो, चार ओळी. 'सोळा, नव्हे, सतरा नोव्हेंबर दोन हजार सहाच्या अंकातील व्यसनाबाबतचे वाक्य निराधार होते.' बघा, बोलता बोलता झाली."

"हा सगळा अंकच त्याची दुरुस्ती आहे."

"नाही. हा अंक त्यांची चूक सांगतो. तुमची नाही सांगत. गणितात उत्तर बरोबर आलं म्हणून मधली चुकलेली पायरी मी सोडून देत नाही."

"ते छापलं तर कारखानेवाले तेवढंच धरून बसतील."

"हं," ती म्हणाली, "आणि?"

हे 'आणि' त्याला पुरते कळले. जागेची अडचण खरी होती, कारखान्याची भीतीही खरी होती. त्यांच्या मागे एक तिसरे कारण उभे होते, ज्याला त्याने नाव दिले नाही. आयुष्यातल्या एकुलत्या एक थोर कामाच्या पानावर त्याला स्वतःच्या त्या दुपारचा डाग नको होता. पाण्याच्या टाकीची चूक मान्य केल्याने माणसाची उंची वाढते. या चुकीने ती वाढणार नव्हती. शुद्धिपत्र लहान चुकांसाठी ठेवावे आणि मोठ्या चुकीला अनुभव म्हणावे, ही सुशिक्षितांची सर्वत्र आढळणारी सवय आहे. चारपानी तिला अपवाद ठरला नाही.

शिवणारीने अंक हातात घेऊन बोट फिरवत सगळा वाचला. वाचायला तिला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ती आली.

"नाव बरोबर आलंय त्यांचं. वय पण." मग चौथे पान उलटून कोपरा दाखवत, "इथं नाही आलं."

"ताई, हा सगळा अंकच दुरुस्ती आहे."

"मग तसं लिहा की त्याच्यावर."

साप्ताहिक २०२१ साली बंद पडले. छापखाना आधीच बंद झाला होता, बायको निवृत्त झाली होती, आणि वाचकांना वेळापत्रके फोनवर मिळू लागली होती. गठ्ठे कपाटात गेले.

ते बाहेर आले २०२४ च्या सप्टेंबरात. शहरातल्या छातीच्या डॉक्टरने आपल्या निबंधात त्या अंकाचा आधार घेतला होता, आणि तो निबंध वाचून राजधानीतल्या एका वृत्तवाहिनीची तरुण वार्ताहर गावात आली. ती हुशार होती आणि तिने मन लावून काम केले. पाच दिवस तिने वस्तीत काढले. पुढच्या खोलीत दिवे लावून चारपानीची मुलाखत घेताना तिने सहज विचारले, "सर, या विषयावर तुम्ही पहिल्यांदा कधी लिहिलंत?"

चारपानी म्हणाला, "दोन हजार सहापासून लिहितोय."

वाक्य खोटे नव्हते. त्यातले साल बरोबर होते, क्रियापदही बरोबर होते.

तीन दिवसांनी साऱ्या देशाने ते ऐकले. पडद्याच्या तळाशी अक्षरे सरकत होती: 'अठरा वर्षांचा एकाकी लढा'. आठवड्यात संसदेत प्रश्न विचारला गेला, मंत्र्यांनी निवेदन केले, चौकशी समिती नेमली गेली आणि कारखान्याला टाळे लागले. सोळा दैनिकांपैकी अकरांनी लेख मागितले. किराणा दुकानदार सांगू लागला, की हा माणूस पहिल्यापासूनच वेगळा होता, आपण तर त्याला कधी चारपानी म्हटलेच नाही. घरी माणसांची रीघ लागली. शिवणारीही आली, गर्दी ओसरल्यावर. तिला आता खोकल्यामुळे एका दमात वाक्य पुरे करता येत नसे.

"टीव्हीवर बघितलं, भाऊ. छान बोललात." दम घेऊन ती म्हणाली, "सहापासून लिहिताय म्हणालात. खरंच आहे म्हणा ते."

त्याने मान खाली घातली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्याला सोपे गेले असते.

ते वाक्य आणखी एका माणसाने नीट ऐकले होते. तो कारखान्याचा वकील. दोन हजार सहापासून, असे म्हटल्यावर त्याने ग्रंथालयातून त्या सालच्या अंकांची बांधणी मागवली. त्याला नऊ ओळी सापडल्या.

समितीचे काम एका सरकारी सभागृहात चाले. घडीच्या खुर्च्या, वर करकरणारे पंखे, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. शिवणारी दुसऱ्या रांगेत मुलीशेजारी बसली होती. मुलगी आता स्वतः शाळेत शिकवत होती. वकील अत्यंत सभ्य होता.

"संपादक महाशय, चुकांच्या बाबतीत आपलं साप्ताहिक फार दक्ष होतं, असं ऐकतो."

"प्रयत्न असे."

"प्रयत्न कसला, आदर्श म्हणा. मी मोजली. साप्ताहिकाच्या हयातीत आपण तीनशे बारा शुद्धिपत्रं छापलीत. त्यात एक पाण्याच्या टाकीच्या पाचशे लिटरबद्दल आहे. आता या नऊ ओळी पाहा. यांचं शुद्धिपत्र कोणत्या अंकात आहे?"

"नाही."

"नाही. म्हणजे ही चूक आपल्याला वाटली नाही."

"वाटली. दोन महिन्यांत वाटली."

"आणि मग अठरा वर्षं?"

वकिलाने कागद पुढे केला. "मद्याचे व्यसन असल्याचे समजते. हे आपल्याला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मग समजलं कसं?"

"समजलं नव्हतं. साडेतीन ओळी भरायच्या होत्या."

मागच्या खुर्च्यांवर कोणीतरी हसले आणि हसू पसरत गेले. शिवणारीच्या मुलीने आईकडे पाहिले. आई समोर पाहत होती. चारपानीने मग सगळे सांगितले: डॉक्टर, बंद दार, सात वेळा लिहिलेले 'निरंक'. अध्यक्षांनी विचारले, "याची प्रत?" तो म्हणाला, "नाही." "त्या वेळची टिपणं?" टिपणे होती, पण त्याच्याच हस्ताक्षरात.

समितीचा अहवाल पुढच्या वर्षी जूनमध्ये आला. तो काळजीपूर्वक लिहिलेला होता आणि त्यात अन्याय करण्याची इच्छा कुठेही दिसत नाही. चौतीस मृत्यू भुकटीमुळे झाल्याचे समितीने निःसंदिग्धपणे मान्य केले आणि या निष्कर्षाचे श्रेय नाव घेऊन एका स्वतंत्र पत्रकाराच्या चिकाटीला दिले. पहिल्या सात मृत्यूंबाबत तिने लिहिले, की मृत्यूच्या नोंदीखेरीज त्या काळातला उपलब्ध एकमेव कागद म्हणजे खुद्द त्याच पत्रकाराची बातमी. चुकांची दुरुस्ती नेमाने करणाऱ्या वृत्तपत्राने ती अठरा वर्षे दुरुस्त केलेली नाही. विषयात गुंतलेल्या व्यक्तीने इतक्या उशिरा केलेल्या तोंडी इन्काराला त्या कागदाहून अधिक वजन देता येत नाही. सबब नोंदीत बदल नाही.

चारपानीने वार्ताहराला फोन केला. मला एक मिनिट द्या, म्हणाला, ते वाक्य मला मागे घ्यायचे आहे. ती कळवळून म्हणाली, "सर, आता कशाला? चौतीस घरांना न्याय मिळालाय. लोकांच्या मनात उगाच गोंधळ होईल. आणि तुमचंच नाव खराब होईल हो." एका दैनिकाने मात्र तयारी दाखवली. मुख्य पुरवणीत, पानभर, त्याच्या मोठ्या छायाचित्रासह: 'एका पत्रकाराची कबुली'. तो ते विचारायला शिवणारीच्या घरी गेला. ती पलंगाच्या कडेला उशांना टेकून बसली होती. मुलीने त्याला खुर्ची दिली.

त्याने सगळे सांगितले. शिवणारीने पुरते ऐकून घेतले.

"फोटो कुणाचा?"

"माझा."

"पानभर तुम्ही." ती बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. "कबुली नको, भाऊ. कबुलीत तुम्ही मोठे होता. दुरुस्तीत माझा माणूस येतो."

"पण साप्ताहिक बंद आहे, ताई. दुरुस्ती छापू कुठं?"

"ते तुम्हाला समजायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "पेपर चालू होता तेव्हा."

त्याने दैनिकाला नकार कळवला. ऑगस्टमध्ये शिवणारी वारली. तिच्या कागदावर या वेळी बरोबर कारण लिहिले गेले.

सात माणसांच्या नोंदीत कारण अजूनही 'क्षय' आहे. व्यसनाबद्दलचे ते वाक्य मागे घेतल्याचे कुठेही छापलेले नाही.